खेड्यांतील एफएम श्रवण : काही सोपे उपाय

हवामानाचा इशारा वा बाजारभाव वेळेवर स्पष्ट ऐकू न आल्यास शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर पोहोचतात. एफएम लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे डोंगराआडच्या गावात बहुधा खरखरच ऐकू येते. अशा वेळी नवा संच घेण्यापूर्वी एरियलकडे लक्ष देणे हिताचे ठरते.

१०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते. तिच्या निम्म्या लांबीचे एरियल तिला उत्तम प्रतिसाद देते. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या प्रत्येकी सुमारे ७२ सेंटिमीटरच्या दोन नळ्या एका रेषेत, परस्परांना न चिकटतील अशा लाकडी पट्टीवर बसवाव्यात. मधल्या दोन टोकांना केबलच्या दोन तारा जोडून एरियल छपरापेक्षा उंच, विजेच्या तारांपासून दूर उभारावे. ते आडवे व उभे फिरवून पाहावे आणि आवाज स्वच्छ येताच पक्के करावे. केबलची आतील तार संचाच्या दांडीला जोडावी. भ्रमणध्वनीत हेडफोनची तारच बहुधा एरियलचे काम करते. ती गुंडाळून न ठेवता लांब सोडावी.

वादळाची चिन्हे दिसताच, विजा चमकू लागण्यापूर्वी, केबल संचापासून सोडवावी. शाळेत वा ग्रामपंचायतीत असे एक एरियल उभारल्यास गावकऱ्यांना ते पाहून शिकता येईल.