जात्याचा खुंटा कडेलाच का असतो?

आज रेडिओ ऐकता ऐकता एक काम करायचं आहे. जी दाराजवळ बसली असेल तिने उठायचं आणि दार एका बोटाने ढकलायचं. आधी कडीजवळ बोट लावा. दार सहज फिरलं ना? आता तेच बोट बिजागरीपासून चार बोटं अंतरावर लावा आणि ढकला. बोट दुखेल, दार मात्र जेमतेम हलेल. दार तेच, बोट तेच, जोरही तोच. मग बदललं काय? बदललं ते बिजागरीपासूनचं अंतर.

आजचा विषय एवढाच आहे. कोणतीही वस्तू एका खिळ्याभोवती, कण्याभोवती किंवा बिजागरीभोवती फिरवायची असेल तर आपण किती जोर लावतो एवढंच बघून चालत नाही. तो जोर मधल्या आसापासून किती लांब लावतो हेही तितकंच महत्त्वाचं असतं. जोर आणि अंतर यांचा गुणाकार केला की फिरवण्याची ताकद मिळते. शाळेच्या पुस्तकात तिला आघूर्ण म्हणतात, मोटार दुरुस्त करणारा टॉर्क म्हणतो. आम्ही गटांच्या कामाला फिरणाऱ्या बाया, शिक्षण बीए, तेही मराठी घेऊन. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हाती आलं नव्हतं. पण गटांनी गिरण्या घ्यायला सुरुवात केली आणि हा गुणाकार आम्हाला मुद्दाम बसून शिकावा लागला. का, ते पुढे सांगतो.

आधी जातं. वरच्या दगडाचा खुंटा नेहमी कडेला ठोकलेला असतो. मधल्या खिळ्यापासून तो समजा आठ बोटांवर आहे. तोच खुंटा चार बोटांवर आणला तर तेवढ्याच दळणाला दुप्पट जोर लागेल. दोन बोटांवर आणला तर चौपट. आपल्या आज्या-पणज्यांना हा हिशेब कुणी शिकवला नव्हता, पण पाथरवटाला आणि दळणारीला तो हाताने ठाऊक होता.

दोघी समोरासमोर बसून का दळायच्या, त्यातही हेच आहे. एकटी दळते तेव्हा खुंटा तिच्याकडे येताना ओढ चांगली बसते, समोर जाताना रेटा बसतो, पण अधेमधे अशी जागा येते की हात नुसता खुंट्याबरोबर जातो, जोर लागत नाही. समोर दुसरी असली की एकीचा हात ढिला पडतो तिथे दुसरीचा लागतो. उरलेली कसर दगडाचं वजन भरून काढतं. जड दगड एकदा फिरू लागला की लगेच थांबत नाही. शिलाई मशीनचं चाक आणि कुंभाराचं चाक याच कारणाने जड असतात, आणि त्यांचं वजन कडेकडे जास्त असतं. ही गोष्ट लक्षात असू द्या. जड वस्तू सुरू करायला त्रास देते आणि थांबवायलाही तितकाच देते. गिरणीत आपल्याला हे परत भेटणार आहे.

आता गावातला हातपंप. बहुतेक ठिकाणी आहे तो इंडिया मार्क 2. 1970 च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांच्या कामातून तो तयार झाला, आणि त्याच्या आधीचा नमुना सोलापूर पंप म्हणून ओळखला जाई. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं नाव त्यात आहे, हे पंपावर उभ्या राहून वाट बघताना मुलींना सांगायला हरकत नाही. या पंपाच्या दांड्याचा हातातला भाग लांब आणि डोक्याच्या आतला भाग आखूड असतो. आतल्या भागाला साखळी, साखळीला सळई, आणि सळईने पाणी वर येतं. बाहेरचा भाग आतल्याच्या सुमारे आठपट. म्हणून आत 80 किलोचं ओझं असेल तर टोकाला धरणारीला साधारण 10 किलोच जोर लागतो.

पण टोकाला धरणारीला, बरं का. घाईत आपण दांडा मधेच धरतो. निम्म्यावर धरला की त्याच पाण्याला 20 किलो लागतात. बाळंतीण बाई, कंबर दुखणारी म्हातारी, दहा-बारा वर्षांची पोर पंपावर आली तर तिला दांड्याचं टोक धरू द्या. टोकाला धरल्यावर हात जास्त वर-खाली न्यावा लागतो, हे खरं. जोर आठव्या हिश्श्यावर आला तर हाताचा पल्ला आठपट होतो. फुकट काही मिळत नाही, कष्ट लांबीवर वाटले जातात इतकंच. पण कंबरेला लांब पल्ला चालतो, झटका चालत नाही.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ती गोष्ट. आमच्या भागातल्या एका गटाने कर्ज काढून पिठाची गिरणी घेतली. मोटार 5 हॉर्सपॉवरची, पाटीवर फेरे लिहिलेले 1440, म्हणजे मिनिटाला तेवढ्या वेळा ती फिरते. मोटारीवर 4 इंची पुली, गिरणीच्या दगडाकडे 8 इंची पुली, मधे पट्टा. दळण छान निघत होतं. सणाच्या आधी गर्दी झाली, बायका ताटकळू लागल्या. तेव्हा दुरुस्तीला येणारा एक कारागीर म्हणाला, मोटारीवरची पुली मोठी करू, गिरणी पळेल. त्याने 4 इंचीच्या जागी 6 इंची बसवली. गिरणी खरंच पळाली. पीठ गरम येऊ लागलं, मोटारीला हात लावता येईना, आणि चौथ्या दिवशी जळका वास येऊन मोटार बंद पडली. वाइंडिंग गेलं. त्या महिन्याचा हप्ता थकला, पुढचाही थकला, आणि बैठकीत बायका एकमेकींकडे बघेनात. दोष मोटारीच्या कंपनीवर गेला, विजेवर गेला, ज्या बाईची त्या दिवशी गिरणीवर पाळी होती तिच्यावरही गेला. तिचा काहीएक दोष नव्हता.

हिशेब असा आहे. पाटी-पेन्सिल घेतलीत तर बरं. 5 हॉर्सपॉवरची मोटार 1440 फेऱ्यांना जी फिरवण्याची ताकद देते ती किती? मोटारीच्या दांड्यापासून एक मीटर लांब टोकाला अडीच किलोचं वजन टांगावं, तेवढीच. ऐकून नवल वाटतं, एवढी मोठी मोटार आणि अडीच किलो! पण 4 इंची पुलीची कड दांड्याच्या मध्यापासून फक्त 2 इंचांवर, म्हणजे 5 सेंटिमीटरवर असते. अंतर वीसपट कमी झालं म्हणून जोर वीसपट वाढला. पट्ट्याला ओढ मिळते 50 किलोची, सिमेंटच्या एका पोत्याएवढी. ही ओढ तिकडे 8 इंची पुलीच्या कडेवर लागते, म्हणजे मध्यापासून 4 इंचांवर. अंतर दुप्पट, म्हणून दगडाला फिरवण्याची ताकद दुप्पट मिळते. त्याबदल्यात फेरे निम्मे होतात, 1440 चे 720. पुन्हा तेच, फुकट काही नाही.

आता 6 इंची पुली लावली. तिची कड मध्यापासून 3 इंचांवर गेली. मोटारीची ताकद तीच, अंतर वाढलं, म्हणून पट्ट्याची ओढ 50 वरून 33 किलोंवर आली. दगडाचे फेरे 1080 झाले, पण त्याला मिळणारी ताकद दोन तृतीयांश उरली. ज्वारीला हे सांगता येत नाही की बाई, आज जरा कमी जोराने दळली जा. दाणा फोडायला जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच. मग मोटार काय करते? बिचारी जास्त वीज ओढते. 5 हॉर्सपॉवरची मोटार साडेसात हॉर्सपॉवरचं काम करायला जाते, तापते, आणि तारेवरचं आवरण जळतं. म्हणजे मोटारीवरची पुली मोठी हवी असेल तर मोटारही मोठी हवी. नुसती पुली बदलून गिरणी पळवणं म्हणजे एका बैलाच्या गाडीत दीड गाडीचा ऊस भरणं.

आमचं मत विचाराल तर गिरणी, कांडप किंवा शेवयांचं यंत्र घेताना गटाने रंग आणि किंमत नंतर बघावी, आधी दोन्ही पुल्या मोजाव्यात आणि बिलावर लिहून घ्याव्यात. दुरुस्तीवाल्याला विचारायला लाजू नये. तो म्हणेल, ताई, तुम्हाला यातलं काय कळणार? त्याला म्हणावं, गुणाकार कळतो.

आणखी एक हिशेब, आणि हा पैशाचा नाही. 4 इंची पुलीभोवती एका फेऱ्यात साडेबारा इंच पट्टा सरकतो. मिनिटाला 1440 म्हणजे सेकंदाला 24 फेरे. म्हणजे पट्टा सेकंदाला 25 फूट धावतो. सहावारी साडी असते 18 फूट. पदराचं टोक पट्ट्यात गेलं तर अख्खी साडी ओढली जायला एक सेकंदही लागणार नाही, आणि ओढ 50 किलोची. पट्टा अडला तर मोटार क्षणभर त्याहूनही जास्त ओढते. हाताने सोडवू, मागे सरकू, स्टार्टर बंद करू, यातलं काहीही एका सेकंदात होत नाही. आणि बंद केलं तरी दगड जड आहे, तो काही फेरे फिरतच राहतो. वीज गेली म्हणजे धोका गेला असं नाही.

म्हणून पट्ट्याला जाळी हवीच. जाळी साफसफाईला काढली तर परत लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पदर कमरेला खोचून वर एप्रन बांधा, मुलींच्या ओढण्या आणि मोकळ्या वेण्या गिरणीच्या आत येऊ देऊ नका, लहान मूल कडेवर घेऊन दळण टाकू नका. काही ठिकाणी चालू पट्टा काठीने पुलीवर चढवतात, ते आपल्या गिरणीत कुणालाच करू देऊ नका, कारागिराला सुद्धा. स्टार्टर अशा जागी असावा की दळण टाकणारीचा हात उभ्या जागेवरून पोचेल. आणि दगड पूर्ण थांबलेला डोळ्यांनी बघितल्यावरच आत हात घालायचा.

त्या गटाची मोटार पुन्हा भरून घेतली आहे. वर्गणी काढली, दोन हप्ते उशिरा का होईना गेले. आता 4 इंची पुलीवरच गिरणी चालते. सणाला गर्दी झाली की चिठ्ठ्या देऊन दळणाच्या वेळा ठरवतात, आणि पाळीची बाई तीच आहे.

तुमच्या गटाची गिरणी किंवा कांडप असेल तर पुढच्या बैठकीआधी मेन स्विच बंद करून शिवणाच्या टेपने दोन्ही पुल्यांची रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मधोमध मोजा. मोटारीच्या पाटीवरचे दोन आकडे, हॉर्सपॉवर आणि फेरे, वहीत उतरवून आणा. काही पाट्यांवर हॉर्सपॉवरच्या जागी किलोवॉट लिहिलेलं असतं. 5 हॉर्सपॉवर म्हणजे 3.7 किलोवॉट. पाटीवर पीठ साचलं असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडं घ्या.