पहिले घर : कोणत्या गावी, कोणत्या आळीत?

मुंबईच्या चाळीत, झोपडपट्टीत किंवा सरकारी वसाहतीच्या एका खोलीत वाढलेली आणि शिकून नोकरीला लागलेली आपली मुले आज घराच्या शोधात कल्याणच्या पुढे सरकत आहेत. बदलापूर परवडेनासे झाले की वांगणी, शेलू, नेरळ, कर्जत. या मार्गावर मी बरीच वर्षे राहतो, म्हणून त्यांतली काही माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न एकच असतो : ‘सर, स्वस्त कुठे मिळेल?’ मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो. ती जागा स्वस्त का आहे? कोणतेही गाव उगाच स्वस्त नसते. स्वस्ताईचे कारण कळले आणि ते सोसणारे निघाले, तर खुशाल घर घ्यावे. न कळलेले कारण मात्र पुढे हप्त्याबरोबर फेडावे लागते.

पहिले कारण अंतर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे, तर कर्जत १००. कर्जतहून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्याचे रोजचे चार तास गाडीत जातात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाराशे तास, म्हणजे पन्नास अहोरात्र झाले. आपल्या चळवळीचे काम नोकरीनंतरच्या वेळातच चालत आले आहे. अभ्यासवर्ग, विहारातली बैठक, मुलांची शिकवणी, सारे संध्याकाळचे. ती संध्याकाळ विकून आपण चौरस फूट विकत घेत असतो, हे निदान माहीत असावे. वांगणीत अंध फेरीवाल्यांची मोठी वस्ती झाली तीही कमी भाड्यामुळेच. पण लोकलमध्ये वस्तू विकणाऱ्याचे गाडी हेच कामाचे ठिकाण असते. त्याचा हिशेब कारकुनाला लागू पडत नाही.

पैशाचे गणित थोडक्यात सांगतो. वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १७,३५० रुपये बसतो आणि अखेरीस जवळजवळ ४१ लाख ६५ हजार रुपये भरले जातात. त्यात पास, रिक्षा, देखभाल खर्च आणि उन्हाळ्यात टँकरची वर्गणी मिळवा. पाण्यासाठी म्हणूनच घर मे महिन्यात पाहावे. आणि पुन्हा एकदा जुलैत पाहावे. नदीकाठचे घर म्हणून जाहिरातीत जे मिरवले जाते, ते उल्हास नदीच्या पूररेषेच्या आत आहे काय, हे नगरपरिषदेत विचारावे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते.

आता जमिनीकडे येतो. भूखंड असो वा सदनिका, त्याखालच्या जमिनीचा सातबारा स्वतः वाचावा. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे असेल तर थांबावे. अशी जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. यातला एक भाग आपल्याच इतिहासाचा आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले. महार वतन कायद्याने रद्द झाले ते मात्र १९५८ च्या कायद्याने. पुढे त्या जमिनी वतनदारांना परत देण्यात आल्या त्या नव्या, अविभाज्य शर्तीवर. या शर्तीमुळे त्या आपल्या हातून सहज जाऊ नयेत अशी अपेक्षा होती. पण साध्या कुलमुखत्यारपत्रावर आणि स्टँपवर अशा जमिनीचे तुकडे विकू पाहणारे दलाल असतात. आज्याच्या वतनाचा तुकडा नातवाने दलालाकडून विकत घ्यावा आणि तोही बेकायदा ठरावा, अशी ही गंमत आहे!

दुसरा भाग आदिवासींचा. कर्जत तालुक्यात ठाकर आणि कातकरी समाज पिढ्यान् पिढ्या राहतो. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-क प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही आणि घेतली तर ती परत जाऊ शकते. येथे आपणही बिगर-आदिवासीच आहोत, हे विसरू नये. ज्यांना स्वतः गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांनी कातकऱ्याला हुसकावून मिळालेल्या स्वस्त जागेवर घर बांधावे काय? कायदा बाजूला ठेवला तरी माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. इमारत असेल तर तिची महारेराकडे नोंदणी पाहावी. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असल्या की नोंदणी लागते. करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. ‘आज भरा, भाव वाढतो आहे’ म्हणणाऱ्याला हे ऐकवावे.

आणि आता जो प्रश्न कुठल्याच जाहिरातीत नसतो. लहान गावात दलाल आधी बजेट विचारतो आणि मग आडनाव. माझ्या परिचयातल्या एका शिक्षिकेला आडनाव सांगताच ‘ती सदनिका कालच गेली’ असे उत्तर मिळाले. पाटी पुढे दोन महिने तशीच होती. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी खानावळीतून हाकलले गेले. कायदा इथे तोकडा पडतो. पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारू नये असे तत्त्व सहकारी कायद्यात आहे. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या, केवळ पारशांनाच सभासद करण्याच्या उपविधीला मान्यता दिली.

यावर काही जण आडनाव बदलतात, काही जण डोळे मिटून आपल्याच वस्तीत घर घेतात. मला दोन्ही पटत नाही. आडनाव लपवून घेतलेल्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावताना हात थांबतो, आणि आपली वस्ती बहुधा नाल्याकडेलाच असते. म्हणून गाव पाहताना १४ एप्रिलची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाते आणि कोणत्या रस्त्याला परवानगी मिळत नाही, हे विचारावे. विहार कुठे, शाळा कुठे, गटार कुठे वाहते, हे पायी फिरून पाहावे. ज्या आळीत निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेले नोकरदार राहतात, तिथे जुन्या गावकीचा अंमल कमी असतो. असे अनोळखी माणसांचे गाव मी थोडे महाग असले तरी पसंत करीन. बाबासाहेबांनी खेड्यातून बाहेर पडा म्हणून सांगितले, तेव्हा त्यांना नव्या इमारतीत पुन्हा खेडेच वसवायचे नव्हते.

शेवटची गोष्ट दस्ताची. चाळीच्या खोलीची भाडेपावती नेहमी सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावे राहिली. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावे घेतले तर ती मिळत नाही. पंचवीस लाखांच्या घरावर हे पंचवीस हजार होतात. दलाल मसुदा आणतो तो बहुधा पुरुषाच्या नावाचा असतो. सही करण्याआधी तो बदलून घ्यावा.