पाण्याखाली दम धरायचा नसतो

तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा करायला आलेला माणूस होडीतच सांगून टाकतो, "मी मिनिटभर श्वास रोखू शकतो, मला काही होणार नाही." विहिरीत छाती भरून बुडी मारायची सवय असते, तिथून हा समज येतो. पण त्या बुडीत छातीतली हवा वरचीच असते. खाली ती दाबली जाते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. स्कूबात मात्र तोंडात धरायचा रेग्युलेटर आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी दाबलेली हवा देतो. १० मीटरवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसं फाटू शकतात. खोलीही फार लागत नाही. भरल्या छातीनं सव्वा-दीड मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एवढाच: श्वास चालू ठेवा.

दुसरा समज याचंच भावंड आहे. हवा पुरावी म्हणून थोडी थोडी घ्यायची, मध्ये थांबायचं. यानं उलटंच होतं. पाण्यात घुसमटल्यासारखं वाटतं ते बहुधा ऑक्सिजन कमी पडल्यानं नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठल्यानं. उथळ श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकेतच फिरून परत येते, कामाची जागा गाठतच नाही. मग धाप लागते, डोकं दुखतं, भीती वाढते. उपाय उच्छ्वासात आहे. घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा-सात. बुडबुडे सावकाश, पूर्ण जाऊ द्या. पुढचा श्वास आपोआप खोल येतो. हे घरी पलंगावर पडूनही जमवता येतं, आणि मला विचाराल तर पहिल्या डाइव्हची याहून चांगली तयारी नाही.

हवा वाचते ती शांतपणामुळे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं सुमारे २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर लागली तर वर ती दोन तास पुरेल, १० मीटरवर तासभर, आणि त्यातलीही काही राखून वर यायचं असतं. हात मारत राहिलं किंवा कमरेला जास्त वजन बांधलं, की ती झपाट्यानं संपते. आणि सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हे, ही साधी हवाच असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरखाली विषारी ठरतो.

"मास्कमध्ये पाणी शिरलं म्हणजे संपलं" हा समज सर्वात जास्त घाबरवतो. नाकाला पाणी लागताच शरीर दचकतं, ते स्वाभाविक आहे. पण तोंडातून श्वास चालूच असतो. मास्कची वरची कड कपाळाशी दाबा, नजर किंचित वर करा आणि नाकातून हवा सोडा. पाणी खालून निघून जातं.

खाली जाताना कान दुखायची वाट पाहू नका. पहिल्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हलकेच हवा भरा. मोकळे होत नसतील तर थोडं वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका.

खाणाखुणांचंही सांगायला हवं. आनंदानं अंगठा वर केलात, तर प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन जाईल; पाण्याखाली त्याचा अर्थ "वर चला" असाच आहे. ठीक असाल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवा. मन घाबरलंच तर अंगठा जरूर दाखवा आणि वर येताना बुडबुडे सोडत राहा.