मोठ्या टाकीला फिल्टर कोणता घ्यावा?

आत येताना एका गृहस्थांनी विचारलं, "घरी चार फुटी टाकी आणलीय, सगळ्यात भारी फिल्टर कुठला?" उत्तर देतो, पण शेवटी. आधी फिल्टर नक्की काय करतो ते बघू.

आपल्याला वाटतं, ही चहाच्या गाळणीसारखी वस्तू आहे. कचरा अडकला, पाणी चकाचक दिसलं, की झालं. पण चकाचक पाण्यातही मासे मरतात. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू स्पंजला, सिरॅमिकच्या रिंगांना चिकटून वाढतात. म्हणजे फिल्टर ही त्यांची वसाहत आहे. आपल्या शहराचं सांडपाणी तपोवन, आगरटाकळीच्या केंद्रांत जातं, तिथेही घाण साफ करण्याचं काम जिवाणूंकडूनच करून घेतात.

ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून कितीही महाग फिल्टर आणला तरी पहिल्याच दिवशी वीस मासे सोडू नका.

आता हिशेब. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच म्हणजे १२ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे साधारण ३४० लिटर पाणी. तासाला चार-पाच वेळा सगळं पाणी फिल्टरमधून फिरावं असा अंदाज धरतात, म्हणजे १४०० ते १७०० लिटर. पण खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवावं लागत नसतानाचा असतो. उंची आणि साठलेला गाळ यांनी तो बराच खाली येतो. म्हणून पंप थोडा मोठा घ्या. ऑस्कर, गोल्डफिश पाळणार असाल तर नक्कीच, ते घाण फार करतात.

एवढ्या टाकीला पर्याय मुख्यतः दोन. पहिला कॅनिस्टर, म्हणजे स्टँडखाली ठेवायचा बंद डबा. आवाज नाही, जागा कमी लागते. दुसरा सम्प. हसू नका, हा काम बंद पाडणारा संप नव्हे! ही खालची दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपने खाली येतं, स्पंज आणि रिंगांतून जातं, पंप ते वर पाठवतो. जिवाणूंना जागा भरपूर आणि साफसफाई सोपी.

निवड करताना एक प्रश्न विचारा: लाइट गेली तर? बंद डब्यातल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात. लाइट आल्यावर तेच कुजकं पाणी टाकीत जातं. म्हणून बराच वेळ लाइट नसेल तर आधी डबा उघडून ते पाणी फेका. सम्प उघडा असल्याने तिथे हा त्रास कमी. पण पंप थांबला की वरचं थोडं पाणी खाली उतरतं. तेवढी जागा रिकामी नसेल तर फरशीवर तळं. बसवल्या दिवशीच पंप मुद्दाम बंद करून बघा.

दुसरी गोष्ट नळाची. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याकडे क्लोरीन घालून येतं. आपल्याला ते हवंच, जिवाणूंना नको. मी एकदा दिवाळीच्या साफसफाईत सगळे स्पंज नळाखाली खसाखसा धुतले. पाणी सुंदर दिसत होतं. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते. पाचातले तीन गोल्डफिश गेले. तेव्हापासून टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात धुतो, तेही एका वेळी अर्धेच.

आपली थंडीही लक्षात ठेवा. पाणी गार झालं की जिवाणूंचं काम मंदावतं, तेव्हा खाणं कमी घाला.

तर साहेब, तुमचं उत्तर. खाली जागा असेल तर सम्प, नसेल तर कॅनिस्टर आणि इन्व्हर्टरवर एक एअर पंप. आणि घेण्याआधी दुकानातच तो उघडून बघा. उघडायला, धुवायला जमेल असं वाटलं, तरच घ्या.