ईदीच्या पैशांतला कॉम्प्युटर

मुलाला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता. नव्याची किंमत ऐकून आम्ही गप्पच बसलो. मग त्याने साठवलेली ईदी पुढे ठेवली, तेव्हा वाशीहून निघून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवर ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स मिळतात. आम्ही घेतलेल्यात २०१३च्या सुमाराचा, चौथ्या पिढीचा आय-५ आहे. चार कोअर, अजून दमदार.

गोम आहे पॉवर सप्लायची. या डब्यांचा सप्लाय लहान आणि प्लगही कंपनीचा वेगळा, त्यामुळे बाजारातला मोठा सप्लाय सरळ बसत नाही. म्हणून मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॅटवर चालणारे कार्ड शोधावे. २०१६चे जीटीएक्स १०५० टीआय तसे आहे, पण काही मॉडेलना वेगळी वायर लागते, विचारून घ्या. पहिले कार्ड आम्ही न तपासता आणले. घरी अर्ध्या तासात स्क्रीन काळी! मुलगा काही बोलला नाही, तेच जास्त लागले. दुसरे दुकानातच गेम लावून पाहिले.

एसएसडी तेवढी नवी घेतली. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करत नाही. माइनक्राफ्टसाठी मात्र धाकटीही आता नंबर लावून बसते.