वीज गेली, तरी आवाज हवा

नाटक रंगात आलं असताना वीज गेली, की प्रेक्षक म्हणतात, ‘जनरेटर असेल ना!’ असतो. पण श्रोतेहो, तो सुरू होऊन भार उचलेपर्यंत दहा-पंधरा सेकंद सहज जातात. हल्लीचा डिजिटल मिक्सर म्हणजे एक संगणकच. वीज क्षणभर गेली तरी तो बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला मिनिटभर घेतो. दिवे येतात, नटाचे ओठ हलतात, आवाज मात्र नाही!

मी पनवेल परिसरात ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. प्रयोग वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात असो की सभा मैदानावर, ही मधली फट बुजवायला यूपीएस लागतो. त्यावर सगळंच लादायचं नसतं. रंगमंचाचे दिवे किलोवॅटमध्ये वीज खातात, ते जनरेटरवरच बरे. मिक्सर आणि बिनतारी माइकचे रिसीव्हर मिळून दोन-तीनशे वॉटांत भागतं. त्यात मी आणखी एक भर घालतो : सूचनेचा एक तारेचा माइक, एक लहान अॅम्प्लिफायर आणि प्रेक्षागृहातले दोन-चार स्पीकर.

ही चैन नव्हे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात इमारतीतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली, वीज गेली आणि ५९ माणसं दगावली. बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या, आपत्कालीन दिवे नव्हते आणि लोकांना सावध करणारी घोषणाही झाली नाही. अंधारात शांत आवाजात ‘डावीकडच्या दाराने बाहेर पडा’ एवढं सांगता आलं पाहिजे.

आता पर्यायी सोयीबद्दल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. मुंबईकडे वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकीला दुसरी अशाच बांधलेल्या. पण आपल्या शेजारच्या खारघरला पुण्याहून येणारी वाहिनी आधीच दुरुस्तीसाठी बंद होती. कळवा-पडघा मार्गावर बिघाड झाला, उरलेल्यांवर भार वाढला आणि त्याही गेल्या. मुंबईला जाळ्यापासून अलग करून चालू ठेवणारी योजनाही त्या दिवशी टिकली नाही.

सभागृहात हेच लहान प्रमाणात घडतं. रंगमंचापासून मिक्सरपर्यंत दोन केबल टाकतात, पण एकाच नळीतून; उंदराने कुरतडली तर दोन्ही जातात. दोन यूपीएस असतात, पण एकाच स्विचवर. जनरेटर तळघरात ठेवतात. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या रायगडकराला तळघराचं काय होतं, ते सांगायला नको. माझ्या मते एक केबल डाव्या भिंतीने आणि दुसरी उजव्या भिंतीने नेली, तरच त्या दोन.

राहिली बॅटरी. शिशाच्या बॅटरीला उष्मा सोसत नाही. २५ अंशांहून दहा अंश जास्त तापमानात तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. यूपीएसवरचा हिरवा दिवा तेव्हाही तसाच जळत असतो! म्हणून प्रेक्षकांना आत सोडण्याआधी मी पूर्ण भार ठेवून मुख्य वीज बंद करतो आणि घड्याळ लावतो. जनरेटर सुरू व्हायला दोनदा नकार देईल असं धरून किमान दहा मिनिटं निघाली पाहिजेत. आयोजक कुरकुरतात. कुरकुरू देत.