पाठ्यपुस्तकात न मावलेली मुलं

इंग्लंडमधल्या शाळेच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात शीख मुलगा कसा दिसणार, हे ठरून गेलेलं होतं. डोक्याला पटका, मनगटात कडं, शेजारी पाच ककारांची, म्हणजे दीक्षित शिखांच्या पाच खुणांची, यादी. कॉव्हेंट्रीच्या वर्गात ते पुस्तक वाचणाऱ्या कितीतरी पंजाबी मुलांचे केस मात्र कापलेले असत. घरी भिंतीवर गुरु नानकांच्या तसबिरीजवळ एखाद्या संताची, कधी एखाद्या हिंदू देवतेचीही तसबीर असे. मग ही मुलं शीख नव्हती का? वॉरिक विद्यापीठाच्या एलिनॉर नेस्बिट यांनी आपली अभ्यासकाची कारकीर्द याच प्रश्नाभोवती उभी केली. त्याचं उत्तर त्यांनी ग्रंथालयात बसून दिलं नाही. त्या मुलांच्या घरी गेल्या आणि मुलांनाच विचारलं.

असा प्रश्न एखाद्या विद्यापीठाला का पडावा, हे समजायला इंग्लंडमधल्या शाळांची रीत माहीत हवी. तिथे १९४४च्या शिक्षण कायद्यानं सरकारी शाळांत धर्माचा तास बंधनकारक केला. मुलाला त्या तासाला न बसवण्याचा हक्क पालकांना दिला. शिकवला जाई तो अर्थातच ख्रिस्ती धर्म. पुढे पंजाब, गुजरात आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात बसू लागली. १९६७मध्ये लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्म-अभ्यासाचा विभाग उभा केला. धर्म शिकवायचा तो श्रद्धा रुजवण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी, असा त्यांचा आग्रह होता. बर्मिंगहॅमनं १९७५मध्ये अनेक धर्मांचा समावेश असलेला अभ्यासक्रम आणला आणि त्यावरून मोठा वाद झाला. अखेर १९८८च्या कायद्यानं सांगितलं, की अभ्यासक्रमात ख्रिस्ती परंपरेला मुख्य स्थान असावं, पण देशातल्या इतर प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचारही त्यात यावेत.

कायदा झाला, पण वर्गात शिकवायचं काय? हिंदू धर्म म्हणजे चार वर्ण, त्रिमूर्ती आणि दिवाळी. शीख धर्म म्हणजे दहा गुरू आणि पाच ककार. बहुतेक पुस्तकांची धाव इथवरच होती.

नेस्बिट यांचा भारताशी संबंध त्याआधीच आला होता. १९७०च्या दशकात त्या नैनितालच्या एका शाळेत शिकवत होत्या. त्या स्वतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. या पंथाच्या उपासनेत मौन असतं आणि दुसऱ्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेण्याला मोठं मोल आहे. संशोधक म्हणून त्यांनी केलेल्या कामात ही ऐकण्याची सवय जागोजागी जाणवते. वॉरिक विद्यापीठ कॉव्हेंट्रीच्या सीमेवरच आहे. मोटारींच्या कारखान्यांच्या या शहरात जालंधर-होशियारपूरकडची, म्हणजे दोआबातली, अनेक कुटुंबं स्थायिक झाली होती. गुजरातीही होते. वॉरिकमधलेच सहकारी रॉबर्ट जॅक्सन यांच्याबरोबर नेस्बिट यांनी तिथल्या आठ ते तेरा वर्षांच्या हिंदू मुलांचा अभ्यास केला. घरातली पूजा, देवळातले उत्सव, शनिवार-रविवारचे भाषेचे नि नृत्याचे वर्ग, सगळीकडे त्या गेल्या. त्यातून १९९३मध्ये ‘हिंदू चिल्ड्रन इन ब्रिटन’ हे पुस्तक झालं. काही वर्षांनी, मुलं मोठी झाल्यावर, नेस्बिट त्यांना पुन्हा भेटल्या. एकाच मुलाची श्रद्धा दहाव्या वर्षी आणि विशीत कशी बदलते, हे त्यामुळे दिसलं. धर्माच्या अभ्यासात असा पाठपुरावा फार थोड्यांनी केला आहे.

त्यांच्या कामातलं सर्वांत बोलकं उदाहरण अमृताचं आहे. पाठ्यपुस्तकात अमृत येतं ते खालसाच्या दीक्षेपुरतं. १६९९च्या बैसाखीला आनंदपूरला गुरु गोविंदसिंगांनी लोखंडी पात्रात पाणी आणि बत्तासे खंडा या दुधारी तलवारीनं ढवळून ते पंजप्याऱ्यांना, म्हणजे पहिल्या पाच दीक्षितांना, दिलं, ही कथा. कॉव्हेंट्रीची मुलं मात्र अमृताबद्दल अगदी घरगुती सहजतेनं बोलत होती. अखंडपाठाच्या, म्हणजे सलग वाचनाच्या, वेळी ग्रंथसाहिबाजवळ ठेवलेलं पाणी म्हणजे अमृत. अमृतसरच्या सरोवरातून बाटलीत भरून आणलेलं तेही अमृत. आजारपणात ते प्यायचं, घरात शिंपडायचं. दीक्षा न घेतलेल्या मुलांच्याही आयुष्यात ते होतं आणि त्यांना त्याचा आधार वाटत होता. १९९७मध्ये नेस्बिट यांनी यावर सविस्तर निबंध लिहिला. मुलं चुकतात आणि पुस्तक बरोबर, असा निकाल त्यांनी दिला नाही. पुस्तकातला शीख धर्म हा शीख लोकांच्या जगण्याचा एक भाग आहे, पूर्ण चित्र नव्हे, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं.

वाल्मीकी आणि रविदासी या पंजाबी दलित समाजांत तर हिंदू की शीख हा प्रश्नच अडखळतो. कॉव्हेंट्रीच्या वाल्मीकींच्या पूजास्थानी ऋषी वाल्मीकींची प्रतिमा होती आणि गुरु ग्रंथसाहिबालाही मान होता. १९९१च्या आपल्या एका निबंधाला नेस्बिट यांनी शीर्षकच दिलं, ‘माझे बाबा हिंदू, आईकडचे शीख’. या सरमिसळीच्या तळाशी जातिव्यवस्था आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. गावाकडून आलेली अस्पृश्यतेची वागणूक परदेशातही पुसली गेली नव्हती, म्हणून तर या समाजांनी आपापली सभा आणि पूजास्थानं वेगळी उभारली. पुढे २००९मध्ये व्हिएन्नातल्या एका रविदासी मंदिरात हल्ला होऊन संत रामानंद मारले गेले. त्यानंतर २०१०मध्ये डेरा सचखंड बल्लां या पंजाबातल्या रविदासी केंद्रानं रविदासिया हा वेगळा धर्म असल्याचं जाहीर केलं. नेस्बिट यांनी ज्या सीमा धूसर असताना पाहिल्या, त्यातली एक अशी डोळ्यांसमोर ठळक झाली.

या कामावर आक्षेप येणं स्वाभाविक होतं आणि तो समजून घ्यायला हवा. १९८४च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर अनेक शिखांना आपली वेगळी ओळख जपणं जिवाच्या मोलाचं वाटत होतं. आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमातलं स्पष्टीकरण शिखांना हिंदूंच्या व्याख्येत धरतं, ही सल त्याआधीपासूनची. अशा वेळी धर्मांमधल्या सीमा सैल आहेत असं म्हणणारा अभ्यासक संशयास्पद ठरू शकतो. इतिहासकार हरजोत ओबेरॉय यांनी १९९४मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या पंजाबबद्दल असंच मांडलं, तेव्हा त्यांना तीव्र विरोध झाला. नेस्बिट यांचा मार्ग इथे वेगळा आणि अधिक माणुसकीचा वाटतो. खालसाची शिस्त पाळणाऱ्यांची श्रद्धा त्यांनी तितक्याच आदरानं नोंदवली. ऑक्सफर्डसाठी त्यांनी २००५मध्ये लिहिलेलं शीख धर्माचं छोटं परिचयपुस्तक वाचलं, तर दोन्ही बाजूंना जागा मिळालेली दिसते.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. गुरु गोविंदसिंगांचं निर्वाण १७०८मध्ये नांदेडला झालं. पंढरीच्या नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५चं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं ते त्यामुळेच. नामदेव वारकऱ्यांचे की शिखांचे, असं विचारलं तर दोन्हीकडचे भाविक हसतील. पण भारतातल्या मुलाला हे शाळेत कितपत कळतं? राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्म शिकवणं यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये स्पष्ट केलं. तरी माहिती द्यायची कशी, याचा फारसा अनुभव आपल्या शिक्षकांपाशी नाही.

वॉरिकनं तो मिळवला. जॅक्सन यांनी १९९४मध्ये तिथे धर्म आणि शिक्षण यांच्या संशोधनाचं केंद्र सुरू केलं आणि १९९७च्या पुस्तकात शिकवण्याची पद्धत मांडली. आधी एका मुलाची किंवा मुलीची ओळख, मग त्या मुलाचं कुटुंब आणि समाज, आणि त्यानंतर मोठी परंपरा. खऱ्या मुलांच्या माहितीवरून प्राथमिक शाळांसाठी पुस्तकंही तयार झाली. पुढे नेस्बिट आणि त्यांच्या सहकारी एलिझाबेथ आर्वेक यांनी २००६ ते २००९ या काळात आई एका धर्माची आणि वडील दुसऱ्या धर्माचे, अशा घरांतल्या मुलांचा अभ्यास केला. ब्रिटनमध्ये अशी घरं वाढत आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे १० लाख ३३ हजार लोकांनी स्वतःला हिंदू म्हटलं, ५ लाख २४ हजारांनी शीख. जनगणनेतल्या धर्माच्या प्रश्नाला उत्तर देणं ऐच्छिक आहे, पण द्यायचं तर एकाच धर्मापुढे खूण करावी लागते.